मुलाच्या विकासाबद्दल शंका आली की निदानापर्यंत कसं जायचं

दोन वर्षांचं मूल हाक मारली तर वळून बघत नाही, पण आवडत्या गाण्याचा पहिला सूर लागला की दुसऱ्या खोलीतून धावत येतं. घरात कुणी म्हणतं कानात काही असेल, कुणी म्हणतं हट्टी आहे, कुणी म्हणतं याचे बाबाही उशिराच बोलायला लागले होते. यातलं खरं काय ते घरात बसून ठरत नाही. पण ते ठरवण्यासाठी लागणारी निम्मी माहिती मात्र घरातच असते.

ऑटिझम (सामाजिक संवाद आणि वागणं यांतला विकासाचा फरक) किंवा एडीएचडी (लक्ष न लागणं आणि अतिचंचलता) रक्ताच्या तपासणीत दिसत नाही, मेंदूच्या स्कॅनमध्येही दिसत नाही. हे निदान मुलाच्या विकासाचा इतिहास आणि तज्ज्ञाने केलेलं निरीक्षण या दोन गोष्टींवर उभं असतं. तज्ज्ञासमोर मूल तास-दोन तास असतं, बाकीचा सगळा वेळ तुमच्यासमोर. म्हणून तुम्ही काय पाहिलं आणि ते कसं सांगता, यावर निदानाचा बराच भाग अवलंबून असतो.

आधी शंका नेमकी करा

मूल वेळेआधी जन्मलं असेल तर दोन वर्षांचं होईपर्यंत दुरुस्त वय धरायचं. ३२ आठवड्यांना जन्मलेलं मूल साधारण ८ आठवडे आधी आलेलं असतं, म्हणून ते १४ महिन्यांचं झालं की विकासाच्या हिशोबात १२ महिन्यांचं. हा हिशोब न केल्याने उगाच घाबरणारे पालक असतात. तसेच तीन वर्षांच्या मुलालाही 'लवकर जन्मलाय ना' म्हणून सूट देत राहणारेही असतात.

पुढच्या गोष्टी दिसल्या तर वाट बघू नका:

- १२ महिन्यांपर्यंत 'बाबाबा', 'दादादा' असे आवाज नाहीत, टाटा करणं, हात वर करून 'उचल' सांगणं असे हावभाव नाहीत.
- १६ महिन्यांपर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द नाही.
- २४ महिन्यांपर्यंत स्वतःचे दोन शब्द जोडून बोलणं नाही. आपण बोललेलंच परत म्हणणं यात धरायचं नाही.
- कोणत्याही वयात आलेलं बोलणं, हसून प्रतिसाद देणं किंवा हातांचं कौशल्य गेलं.

शेवटचा मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा आहे. बोलत असलेलं मूल बोलेनासं झालं तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. ऑटिझममध्ये अशी घसरण बहुतेकदा दुसऱ्या वर्षात दिसते. पण तीन वर्षांनंतर भाषा गेली तर त्यामागे अपस्माराचा, म्हणजे फिट्सच्या आजाराचा, एक प्रकार असू शकतो, आणि मुलीच्या हातांचा उपयोग कमी होऊन हात चोळण्यासारख्या हालचाली सुरू झाल्या तर रेट सिंड्रोम या जनुकीय विकाराचा विचार करावा लागतो. त्यांच्या तपासण्या वेगळ्या आहेत.

विकासाचे तक्ते वाचताना एक लक्षात ठेवा. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने २०२२ साली आपला तक्ता बदलला आणि त्या त्या वयाला किमान ७५ टक्के मुलांना जमतात अशाच गोष्टी त्यात ठेवल्या. त्याआधीच्या यादीतले टप्पे सरासरीच्या आसपासचे होते, त्यामुळे एखादा चुकला तर 'थोडं थांबू' म्हणणं सोपं होतं. नव्या यादीतला टप्पा चुकला तर डॉक्टरांशी बोलायला तेवढं कारण पुरेसं आहे.

बोट दाखवणं: एवढी एक गोष्ट नीट पाहा

'बोट दाखवतो का?' या प्रश्नाला बहुतेक पालक हो म्हणतात. पण बोट दाखवण्याचे दोन प्रकार आहेत. हवी ती वस्तू मिळावी म्हणून दाखवलेलं बोट हे मागणं झालं. आकाशातलं विमान दाखवून आपल्या चेहऱ्याकडे वळून बघणं, 'तुला दिसलं का?' असं डोळ्यांनी विचारणं हा दुसरा प्रकार. त्यात मुलाला काहीच नको असतं, फक्त आपला आनंद वाटायचा असतो. ऑटिझममध्ये हा दुसरा प्रकार उशिरा येतो, क्वचित दिसतो किंवा नसतोच. साधारण दीड वर्षाच्या मुलाकडून तो अपेक्षित असतो.

तसंच, मूल तुमचं मनगट धरून तुमचा हात दाराच्या कडीवर नेऊन ठेवतं का आणि त्या वेळी चेहऱ्याकडे बघत नाही का, तेही टिपा. तज्ज्ञ हे आवर्जून विचारतात.

दोन आठवडे नोंदी ठेवा

रोज दहा मिनिटं पुरेत. तारीख, आधी काय चाललं होतं, मुलाने काय केलं, किती वेळ, कशाने थांबलं, एवढंच लिहायचं. मत लिहायचं नाही.

'ऐकत नाही' या नोंदीचा कुणालाच उपयोग नाही. याउलट, 'संध्याकाळी ठोकळे खेळत होता, टीव्ही बंद, पाठीमागून तीन फुटांवरून नेहमीच्या आवाजात पाच हाका मारल्या, एकदाही वळला नाही, खांद्याला हात लावल्यावर वळला' ही नोंद डॉक्टरांना खूप काही सांगते. 'फार चिडतो' असं लिहिण्याऐवजी 'ठोकळ्यांची रांग हलवल्यावर २५ मिनिटं रडला, जवळ घेतल्यावर जास्त रडला, रांग परत लावल्यावर दोन मिनिटांत शांत' असं लिहा.

शब्दांची यादी करा. एकाच गोष्टीसाठी, स्वतःहून, दरवेळी तोच आवाज वापरला तर तो शब्द, उच्चार अर्धवट असला तरी. चेंडूला कायम 'चे' म्हणत असेल तर तो मोजा. गाण्याच्या ओळी, जाहिराती आणि आपलं वाक्य परत म्हणणं यांची यादी वेगळी ठेवा. पन्नास गाणी पाठ असलेलं मूल पाणी मागायला एकही शब्द वापरत नसेल, तर त्याची नोंद पन्नास गाण्यांइतकीच महत्त्वाची आहे. घरात दोन भाषा असतील तर दोन्हींतले शब्द एकत्र धरा. दोन भाषांमुळे विकासाचा विकार होत नाही, म्हणून घरची भाषा सोडून देऊ नका.

मग व्हिडिओ. प्रत्येकी एक ते तीन मिनिटांचे सहा-आठ पुरतात: एकट्याने मोकळेपणी खेळताना, पाठीमागून हाक मारल्यावर, हवी असलेली गोष्ट हाताला लागत नसताना, इतर मुलांमध्ये, जेवताना, आणि ज्या वागण्याची काळजी वाटते ते करताना. मोबाइल आडवा धरा, चेहरा आणि हात दोन्ही दिसू द्या, आणि मधे बोलू नका. 'बघ इकडे, बघ ना' असं मागून येत राहिलं तर मूल आपणहून काय करतं ते कळत नाही. जुने व्हिडिओही शोधा. पहिल्या वाढदिवसाच्या सुमाराचा व्हिडिओ हाताशी असेल, तर तेव्हा मूल नावाला वळत होतं का या प्रश्नाला आठवणीवर विसंबावं लागत नाही. प्रत्येक फाइलला तारीख आणि मुलाचं वय यांचं नाव द्या.

याच फाइलमध्ये जन्माची कागदपत्रं ठेवा: किती आठवड्यांना जन्म, वजन, लगेच रडलं का, अतिदक्षता विभागात किती दिवस, कावीळ किती वाढली, झटके आले का. वजन, उंची आणि डोक्याच्या घेराच्या नोंदी हव्यात. आई-वडील दोघांच्याही घराण्यात कुणाला उशिरा बोलणं, फिट्स, शिकण्यात अडचण किंवा ऑटिझम होता का, वारंवार गर्भपात झाले का, आई-वडील रक्ताच्या नात्यातले आहेत का, हे आधीच विचारून लिहून ठेवा. ऐन वेळी आठवत नाही, आणि काही गोष्टी आजीलाच माहीत असतात.

पहिली भेट

लसीच्या किंवा तापाच्या भेटीत हा विषय शेवटी काढू नका. तिथे त्याला दोन मिनिटं मिळतात. वेगळी वेळ घ्या आणि पहिल्याच वाक्यात सांगा: 'मुलाच्या विकासाबद्दल शंका आहे, या तीन गोष्टी दिसल्यात, आम्हाला विकासाचं स्क्रीनिंग करून हवंय.' स्क्रीनिंग म्हणजे पहिली चाळणी. मग नोंदींचं एक पान पुढे करा. पूर्ण वही देऊ नका, ती वाचली जात नाही.

अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सची शिफारस अशी आहे की शंका असो वा नसो, ९, १८ आणि ३० महिन्यांना विकासाचं, आणि १८ व २४ महिन्यांना ऑटिझमचं स्क्रीनिंग व्हावं. लहान मुलांसाठी खूप वापरली जाणारी प्रश्नावली म्हणजे एम-चॅट-आर. ती १६ ते ३० महिन्यांसाठी आहे आणि तिच्यात हो-नाही स्वरूपाचे २० प्रश्न असतात. जोखमीचे गुण ० ते २ आले तर धोका कमी, ३ ते ७ मध्यम, ८ आणि पुढे जास्त. मध्यम गटात पालकांना पुढचे प्रश्न विचारून खात्री करायची असते. ही पायरी गाळली तर गरज नसलेली कितीतरी मुलं पुढे पाठवली जातात. ८ किंवा जास्त गुण असतील तर थेट तपासणीला पाठवता येतं. मूल दोन वर्षांच्या आतलं असेल आणि गुण कमी आले, तरी दुसऱ्या वाढदिवसानंतर प्रश्नावली पुन्हा भरायची.

भरताना होणारी चूक ठरलेली आहे. मुलाने एखादी गोष्ट दोन-चारदा केलेली आठवते आणि पालक 'हो' लिहितात. सूचना अशी आहे की एरवी करत नसेल तर उत्तर 'नाही'. शिवाय तीन प्रश्न उलटे आहेत, म्हणजे त्यांत 'हो' हेच काळजीचं उत्तर. त्यामुळे सरसकट एकाच रकान्यात खुणा करत जाऊ नका.

आणि हे स्क्रीनिंग आहे, निदान नाही. जास्त गुण म्हणजे ऑटिझम ठरला असं नाही, आणि कमी गुण आले म्हणून खरी शंका सोडून द्यायची असंही नाही.

'मुलगे उशिरा बोलतात, सहा महिने बघू' असं उत्तर मिळालं तर वाद घालू नका, तीन प्रश्न विचारा. नेमकी कोणती गोष्ट दिसायला हवी? कोणत्या तारखेपर्यंत? नाही दिसली तर कुणाकडे पाठवाल? ही उत्तरं केसपेपरवर लिहून मागा. आमच्या मते दोन-तीन महिन्यांपेक्षा लांबची तारीख मिळत असेल तर दुसऱ्या डॉक्टरांना भेटावं. श्रवण तपासणी आणि स्पीच थेरपिस्टची भेट यांसाठी तर तेवढंही थांबायची गरज नाही.

कान आधी

टाळी वाजवली आणि मूल दचकलं म्हणजे ऐकू येतं, असं होत नाही. टाळीचा आवाज मोठा असतो. बोलण्यातले स, फ, थ असे बारीक आवाज ऐकू न येणारं मूलही टाळीला दचकतं. जन्मानंतरची तपासणी 'पास' असली तरी ऐकणं नंतर कमी होऊ शकतं, आणि सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे साचणाऱ्या द्रवामुळे काही दिवस ऐकू येतं, काही दिवस कमी येतं.

ओएई ही पटकन होणारी तपासणी आतल्या कानाच्या पेशी काम करतात का ते सांगते. आवाज नसेतून मेंदूपर्यंत जातो का, ते बेरा सांगते. काही मुलांमध्ये ओएई चांगली येते आणि अडचण नसेत असते, म्हणून बोलणं रखडलं असेल तर फक्त ओएईवर थांबू नका. बेराला मूल झोपलेलं लागतं. त्या दिवशी त्याला नेहमीपेक्षा लवकर उठवा, वाटेत झोपू देऊ नका आणि तिथे पोचल्यावर खाऊ-पिऊ घाला. झोपेचं औषध द्यायचं ठरलं असेल तर मात्र उपाशी राहण्याच्या सूचना वेगळ्या असतात, त्या काटेकोर पाळा. सर्दी असेल तर तारीख पुढे घ्या. डोळेही तपासून घ्या.

बाकीच्या तपासण्या कारण असेल तरच. थायरॉइड, लोह, शिसं यांपैकी काय लागेल ते डॉक्टर इतिहासावरून ठरवतात. एमआरआय सरसकट करत नाहीत. डोक्याचा घेर फार कमी-जास्त असेल, शरीराची एक बाजू अशक्त असेल किंवा फिट्स येत असतील तरच त्याचा उपयोग. ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींची नोंद, फिट्सची शंका असेल किंवा कौशल्यं गेली असतील तेव्हा. जनुकीय तपासणीतून कारण सापडू शकतं आणि पुढच्या बाळंतपणाबद्दल सल्ला मिळू शकतो, पण ऑटिझम आहे की नाही ते तिच्यातून ठरत नाही.

कुणाकडे जायचं

निदान डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियन (मुलांच्या विकासाचे डॉक्टर), मुलांचे न्यूरोलॉजिस्ट, बालमानसोपचारतज्ज्ञ किंवा या कामाचं प्रशिक्षण असलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट करतात. स्पीच थेरपिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं आणि हातांची कौशल्यं पाहणारे) आपापला भाग तपासतात आणि त्यांचा रिपोर्ट फार मोलाचा असतो. पण फक्त त्यावर निदान ठरू नये.

वेळ घेतानाच फोनवर विचारा: किती भेटी लागतील, कोणत्या चाचण्या करता, मुलाच्या भाषेत करता का, शाळेकडून माहिती घेता का, लेखी रिपोर्ट आणि तो समजावून सांगायची वेगळी भेट मिळेल का. पहिल्या पाच मिनिटांत निदान सांगणाऱ्या, मेंदूचा रंगीत नकाशा काढून ऑटिझम ओळखतो म्हणणाऱ्या, किंवा निदानासोबत त्याच दिवशी वर्षभराच्या थेरपीचे पैसे भरायला सांगणाऱ्या ठिकाणाहून उठून या.

प्रतीक्षायादी लांब असेल तर दोन ठिकाणी नाव नोंदवा आणि कुणी वेळ रद्द केली तर कळवा असं सांगून ठेवा. दरम्यान थेरपी सुरू करा. ती सुरू केल्याने निदान 'बिघडत' नाही. उलट थेरपिस्टच्या तीन महिन्यांच्या नोंदी पुढे उपयोगी पडतात.

तपासणीचा दिवस

मूल ताजंतवानं असेल ती वेळ मागा. चष्मा, श्रवणयंत्र, खाऊ, आवडतं खेळणं आणि बदलायचे कपडे घ्या. चालू औषधं विचारल्याशिवाय बंद करू नका. मूल आजारी असेल तर जाऊ नका, त्या दिवशीच्या निकालाला अर्थ राहत नाही. भावंडाला सोबत नेणार असाल तर त्याला सांभाळायला कुणी तरी हवं.

पालकांची मुलाखत लांब चालते. एडीआय-आर वापरलं तर ९३ प्रश्न असतात आणि दीड ते अडीच तास लागतात. मुलाचं निरीक्षण बऱ्याच ठिकाणी एडॉस-२ ने करतात. त्याचे पाच भाग आहेत आणि मुलाचं वय व बोलण्याची पातळी पाहून त्यातला एक निवडतात. ४० ते ६० मिनिटांच्या या खेळात तज्ज्ञ मुद्दाम थांबतात, खेळणं हातात धरून देत नाहीत, गोष्ट अर्धवट सोडतात. मूल मदत कशी मागतं, आनंद कुणासोबत वाटतं, हे त्यांना बघायचं असतं.

इथे पालकांकडून नकळत चूक होते. मूल गप्प बसलं की जीव कासावीस होतो आणि 'सांग ना, घरी म्हणतोस ना' असं निघून जातं. तुमच्या इशाऱ्यानंतर आलेलं उत्तर मोजता येत नाही आणि ती संधी वाया जाते. सांगितल्याशिवाय बोलू नका. आदल्या दिवशी तालीमही घेऊ नका. मूल त्या दिवशी नेहमीपेक्षा फार वेगळं वागलं तर शेवटी तसं सांगा आणि व्हिडिओ दाखवा. एडॉसचे गुण म्हणजेच निदान नव्हे, ते इतिहासासोबत वाचायचे असतात.

वाइनलँडसारख्या चाचणीत रोजच्या कामांबद्दल विचारतात: स्वतः जेवतं का, कपडे घालतं का. 'जमेल त्याला, आम्हीच घालतो' हे 'घालतं' या रकान्यात जात नाही. नेहमी, स्वतःहून, न सांगता काय करतं तेच सांगा. प्रेमापोटी दिलेलं वाढीव उत्तर मुलाची मदत कमी करतं.

पाच वर्षांच्या आत बुद्ध्यंक स्थिर नसतो, म्हणून एकाहून जास्त बाबतींत मागे असलेल्या लहान मुलाला 'ग्लोबल डेव्हलपमेंटल डिले' असं म्हणतात. कमी बोलणाऱ्या मुलाला शब्दांवर आधारलेली चाचणी दिली तर गुण खोटे कमी येतात. शब्दांशिवायची चाचणी केली का, ते विचारा.

शाळेच्या वयात

एडीएचडीसाठी लक्ष न लागण्याची ९ पैकी ६ किंवा अतिचंचलतेची ९ पैकी ६ लक्षणं, किमान ६ महिने, घर आणि शाळा अशा दोन तरी ठिकाणी, आणि सुरुवात १२ वर्षांच्या आधी असावी लागते. म्हणून शिक्षकांनी भरलेला फॉर्म नसेल तर निदान कच्चं राहतं. अपुरी झोप, घोरणं, कमी ऐकू येणं, चिंता यांतूनही अगदी तसंच चित्र दिसतं, ते आधी पाहा. अध्ययन अक्षमतेसाठी (वाचन, लेखन किंवा गणितातली अडचण) नेमकी मदत देऊनही किमान ६ महिने अडचण टिकलेली असावी लागते, त्यामुळे शाळेने काय मदत केली याची लेखी नोंद मागा.

२०१३ पूर्वीच्या डीएसएम (मानसिक विकारांच्या निदानाची अमेरिकन नियमपुस्तिका) नियमांत ऑटिझम असेल तर एडीएचडीचं निदान देता येत नसे. आता दोन्ही एकत्र देतात. जुन्या समजुतीमुळे कुणी 'दोन्ही असू शकत नाही' म्हणालं तर ते मान्य करू नका. मुलींच्या बाबतीत विशेष जपा. वर्गात शांत, मैत्रिणींची नक्कल करून निभावणारी आणि घरी आल्यावर तासभर कोसळून रडणारी मुलगी शिक्षकांच्या नजरेत 'काहीच त्रास नसलेली' असते. तिच्या घरच्या नोंदीच तिची बाजू मांडतात.

रिपोर्ट वाचताना

डीएसएम-५ प्रमाणे ऑटिझमसाठी सामाजिक संवादाचे तीनही निकष आणि ठरावीक, पुन्हापुन्हा होणाऱ्या वागण्याच्या चारपैकी किमान दोन निकष पूर्ण व्हावे लागतात. सुरुवात लहानपणीची असावी लागते आणि रोजच्या जगण्यात अडथळा दिसावा लागतो. रिपोर्टमध्ये प्रत्येक निकषासमोर तुमच्या मुलाचं उदाहरण आहे का ते बघा. पातळी १, २, ३ म्हणजे आधाराची गरज किती ते. दोन्ही गटांसाठी ती वेगळी असू शकते आणि वयानुसार बदलते. अस्पर्जर (भाषा आणि बुद्धी नीट असलेल्या ऑटिझमला पूर्वी दिलं जाणारं नाव) हे वेगळं निदान डीएसएममधून २०१३ साली गेलं.

चाचण्यांची नावं, तारखा, गुण, कोणत्या भाषेत घेतल्या, मुलाची बलस्थानं, काय करायचं, आठवड्याला किती तास आणि पुन्हा कधी तपासायचं, हे सगळं लेखी हवं. 'ऑटिझमची लक्षणं आहेत' एवढंच लिहिलं असेल तर विचारा: निकष पूर्ण होतात की नाही? कोणता होत नाही? पुन्हा कधी बघणार? जन्मतारीख, आठवडे, औषधं यांतल्या चुका तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या. त्या पुढच्या प्रत्येक रिपोर्टमध्ये तशाच उतरतात.

निष्कर्ष पटला नाही तर दुसरं मत जरूर घ्या, पण गुणांसकट सगळे कागद सोबत न्या. बुद्ध्यंकाची तीच चाचणी थोड्या महिन्यांत पुन्हा घेतली तर सरावाने गुण वाढतात. आणि 'ऑटिझम नाही' असं उत्तर मिळालं तर 'मग ही अडचण कशामुळे?' हा प्रश्न विचारल्याशिवाय उठू नका.

निदानानंतरच्या पहिल्या आठवड्यांत 'बरं करतो' म्हणणारे भेटतीलच. शरीरातले धातू काढणारं किलेशन, जास्त दाबाच्या कक्षात दिला जाणारा हायपरबॅरिक ऑक्सिजन, स्टेम सेल यांनी ऑटिझम बरा होत नाही आणि किलेशनने मुलांचा जीव गेलेला आहे. लसीमुळे हे झालं या अपराधी भावनेतही राहू नका. १९९८ साली ती शंका पसरवणारा शोधनिबंध २०१० मध्ये मागे घेतला गेला, आणि त्यानंतरच्या मोठ्या अभ्यासांत तसा संबंध आढळला नाही.

मूळ रिपोर्ट कुणालाही देऊ नका, प्रत द्या. स्कॅन करून दोन ठिकाणी ठेवा. दोन-तीन वर्षांचं असताना निदान झालं असेल तर शाळेत जाण्याआधी पुन्हा तपासणी करा, कारण तोवर भाषा आणि आकलन यांचं चित्र बरंच बदललेलं असतं. त्या भेटीच्या आधीही दोन आठवड्यांच्या नोंदी आणि नवे व्हिडिओ लागतील.